धक्क्यावरची बाई

“तिला जायचं होतं,” फुंग चोई-नेई म्हणाली, तेव्हा सौ-वान आईसाठी पपनसाच्या फोडीवरची पांढरी साल काढत होती. आपण नीट ऐकलं नसावं असं तिला आधी वाटलं. टीव्हीवर बाई उभी होती, जांभळ्या रेशमी झग्यात, हातात जन्मभराच्या कामगिरीची सोनेरी बाहुली धरून. सभागृहातले लोक उभं राहून टाळ्या वाजवून नुकतेच खाली बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचं ते मऊ, ओलसर हसू अजून गेलं नव्हतं. आत्तापर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. बाईंच्या जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवून झाले होते, आणि सगळ्यात शेवटी, सौ-वानला खात्री होती तसं, ‘सातव्या धक्क्यावर’मधलं ते दृश्य आलं होतं. फेरीबोट निघून गेलेली, धक्क्यावर एकटी उभी असलेली तरुणी, पायाशी बॅग, वाऱ्याने चेहऱ्यावर आलेले केस, आणि पाण्याकडे बघणारे ते डोळे. त्या डोळ्यांवर कॅमेरा इतका वेळ थांबतो की पहिल्या खेळाला मागच्या रांगेतून कुणीतरी “रीळ अडकलं काय रे?” म्हणून ओरडलं होतं. दृश्य संपलं, आणि मग बाई म्हणाली, तिला जायचं होतं.

“या दृश्याबद्दल लोक मला तीसहून जास्त वर्षं सांगत आलेत,” चोई-नेई पुढे बोलत होती. “विमानतळावर सांगतात, केस कापायला गेले की सांगतात, एकदा तर भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं. त्या डोळ्यांत केवढा त्याग होता म्हणे. आज खरं सांगून टाकते. मूळ पटकथेत ती बाई बोटीत बसते. निम्मं चित्रण झालंही होतं. मग वादळाचा इशारा लागला, बोटवाल्याने बोट आडोशाला नेली, आणि आणखी एक दिवस बोट भाड्याने घेण्याची आमच्या निर्मात्यांची ऐपत नव्हती. दिग्दर्शक म्हणाले, असं कर, तू जाऊच नकोस. तिथेच उभी राहा आणि पाण्याकडे बघ. मी पाण्याकडे बघत नव्हते हो. पलीकडे एक हमाल डब्यातला भात खात होता, त्याच्याकडे बघत होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.” सभागृहात हशा उसळला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा नट तर मांडीवर थापा मारत हसला. चोई-नेई मात्र हसली नाही. हशा विरेपर्यंत ती थांबली, आणि ते थांबणं सौ-वानच्या अगदी ओळखीचं होतं. “मी त्यांना म्हटलं होतं, ही बाई राहणार नाही, हिला जायचंय. दोनदा म्हटलं. मग गप्प बसले. आज मला तिची माफी मागायची आहे. बोट मिळाली नाही म्हणून ती तिथे अडकली, आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला थोर करून टाकलं.”

वाद्यवृंद सुरू झाला, बाईंना कुणीतरी हात धरून खाली नेलं, सूत्रसंचालक डब्याबद्दल काहीतरी विनोद करून गेला आणि सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात लागली.

“तोंडाचा खजूर झालाय नुसता,” आ-मा, म्हणजे आई, म्हणाली, “आणि वरून ताणलाय किती! बोलताना कानसुद्धा हलत होते तिचे. दे ना ती फोड. चोळामोळा केलास की सगळा.”

सौ-वानने हाताकडे पाहिलं. फोड मुठीत चिरडली गेली होती आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. तिने दुसरी फोड घेतली, साल काढली, बिया काढल्या, आईच्या तळहातावर ठेवली. हे सगळं हातांनीच केलं. तिला स्वतःला उठून हात धुवावेसे वाटत होते, पण उठायचं म्हणजे आईचे पाय स्टुलावरून उतरवायचे, जेवणाचं घडीचं टेबल भिंतीला लावायचं, मग खुर्ची मागे सारायची. क्वून तोंगच्या त्या सरकारी वसाहतीतल्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरात एक माणूस उठला की बाकीचं सगळं हलवावं लागे. एरवी तिला याचं काही वाटत नसे. आज रस मनगटावर वाळत चालला, कातडी ओढल्यासारखी होऊ लागली, आणि अख्खी खोलीच आपल्या अंगावर वाळते आहे असं तिला वाटलं. टीव्ही, देवघरातला लाल दिवा, बाहेर बांबूला टांगलेले दोघींचे कपडे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ती, सत्तावन वर्षांची, दातांच्या दवाखान्यात लोकांना “बसा, बोलावतील” म्हणून सांगणारी बाई.

तो सिनेमा आला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार म्हणून शहरातला जो तो कुठेतरी जायच्या तयारीत होता. कुणी कॅनडा, कुणी ऑस्ट्रेलिया. दवाखान्यात, बसमध्ये, लग्नाच्या जेवणावळीत, दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तोच, तुमचं कुठलं ठरलं? यिउ-तुंगचं व्हॅन्कुव्हर ठरलं होतं. त्याचा थोरला भाऊ तिकडे होता, आई-वडील आधीच जाऊन पोचले होते, आणि तो सौ-वानच्या मागे लागला होता, की लग्न करू आणि निघू, तुझ्या आईला वर्षा-दोन वर्षांत बोलावून घेऊ. सौ-वान हो म्हणाली होती. म्हणजे, नाही म्हणाली नव्हती. ‘सातव्या धक्क्यावर’ तिने पहिल्यांदा पाहिला तो त्याच्याच बरोबर, मोंग कोकच्या एका थिएटरात. त्याला मध्यंतरानंतर झोप लागली. पडद्यावर ती मुलगी आंधळ्या बापासाठी मागे राहिली, बोट गेली, कॅमेरा डोळ्यांवर थांबला, आणि सौ-वानच्या पोटात काहीतरी सैल झालं. इतकं सैल, की ते दुःखच असणार असं तिने गृहीत धरलं. ती हुंदके देऊन रडली. यिउ-तुंग जागा झाला आणि म्हणाला, “काय झालं? मेला का म्हातारा?”

त्यानंतर ती एकटी जायला लागली. संध्याकाळच्या खेळाला, रविवारी दुपारच्या खेळाला, थिएटर बदललं तर तिकडे. तिथेच बिक-हा भेटली आणि बाकीच्या, सगळ्या टायपिस्ट, नर्सा, दुकानातल्या मुली. चोई-नेईला त्या नेई-जे म्हणायच्या, नेई-ताई, जणू घरातलीच. हॉटेलबाहेर भर पावसात उभं राहून त्यांनी एकदा तिची गाडी पाहिली होती. तिने काच खाली केली नव्हती, आणि तेही त्यांना तिच्या थोरपणाला शोभण्यासारखंच वाटलं होतं. सौ-वानने केस तसे कापून घेतले. बोलताना मध्येच थांबायची ती तऱ्हा उचलली. बसच्या काळ्या काचेत ती ते बघणं करून पाहायची. हनुवटी जराशी वर, ओठ मिटलेले, नजर अगदी समोर नाही, थोडी डावीकडे, खाली. डावीकडे, खाली. तिथे हमाल भात खात बसला होता.

टेबलावर फोन थरथरत सरकू लागला. ‘धक्क्यावरच्या बायका’ हा त्यांचा ग्रुप. त्यावर आज दुपारपासूनच उत्साह होता, कुणी जुने फोटो टाकले होते, कुणी आज रडायला दोन रुमाल घेऊन बसलेय म्हणून कळवलं होतं. आता तिथे एकापाठोपाठ एक निरोप आदळत होते. सौ-वानने बिक-हाचा आवाजी निरोप कानाशी धरला.

“ऐकलंत ना बायांनो? असं बोलायचं असतं का? अगं बक्षीस घ्यावं, दोन आसवं गाळावीत, आई-बापाचं नाव घ्यावं आणि गपचूप खाली उतरावं! एवढ्या वर्षांनी आम्हाला सांगतेस, भूक लागली होती म्हणून? आम्ही काय मूर्ख म्हणून रडलो? म्हातारपणी डोकं फिरलंय तिचं. नाहीतर दारू पाजली असेल कुणीतरी आधी.”

“कोण ओरडतंय?” आ-माने विचारलं.

“बिक-हा.”

“तिच्या नवऱ्याला ऐकू येत नाही ते बरं आहे.”

सौ-वान हसली नाही. तिला ‘काय तक’ हा शहरातला जुना विमानतळ आठवत होता. तो आता बंद होऊन गेला, पण तिच्या मनात तो कायम तसाच उघडा, गच्च गर्दीचा. त्या काळात तिथे रोज शेकडो लोक रडत असत, त्यामुळे कुणी कुणाकडे वळून बघत नसे. यिउ-तुंगने तपासणीच्या दाराशी तिचा दंड धरला होता. “शेवटचं विचारतो. अजून तिकीट बदलून घेता येईल. तुला यायचंय की नाही?” आणि ती जराशी थांबून म्हणाली होती, “कुणीतरी मागे उरायला हवं.” तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा तांबडा होत गेला. “हे सिनेमातलं आहे,” तो म्हणाला. “सौ-वान, हे त्या सिनेमातलं आहे. तुझं काय ते सांग.” तिने हनुवटी जराशी वर केली, ओठ मिटले आणि डावीकडे, खाली बघितलं. तो गेला. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी होती, आणि आता, हाताला पपनसाचा रस चिकटलेला असताना, तिला स्वच्छ आठवलं की त्या उभं राहण्यात एक भाग असा होता ज्याला आपण कसे दिसतो आहोत याचीच काळजी होती.

पण त्याच्याही आधीचं काहीतरी होतं. इतकी वर्षं तिने तिकडे पाठ केली होती. त्या वर्षी कॅनडाच्या तयारीसाठी ती संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जात असे. मास्तरीणबाईंनी एकदा तिला उभं केलं आणि सांगितलं, समजा, तुम्ही तिकडे दुकानात गेलात आणि तुम्हाला हवी ती वस्तू मिळत नाही, तर काय विचाराल? ती उभी राहिली. तोंड उघडलं. एक शब्द येईना. वर्ग वाट बघत राहिला, वर पंखा फिरत राहिला, आणि तिला दिसलं की तिकडे रोज असंच होणार, बर्फात, परक्या दुकानात, यिउ-तुंगच्या आईसमोर, जिने पहिल्याच भेटीत तिचे दात बघून घेतले होते. ती खाली बसली तेव्हा पाठ घामाने भिजली होती. नंतरच्याच आठवड्यात ‘सातव्या धक्क्यावर’ लागला. पोटात जे सैल झालं होतं, ते दुःख नव्हतंच. सुटका होती. कुणीतरी येऊन, खांद्यावर हात ठेवून, अगदी वरच्या आवाजात सांगितलं होतं की तू घाबरलेली नाहीस, तू थोर आहेस. मग ती बाई बोटीत बसली असती तर? तर मी गेले असते का? ती स्वतःला विचारत राहिली, आणि उत्तर दर वेळी एकाच अंधाऱ्या खोलीच्या दाराशी येऊन थांबत होतं. सिनेमावर राग काढावा तर सिनेमाचा दोष नव्हता. नेई-जेवर काढावा तर ती आज पहिल्यांदाच खरं बोलली होती. राग ठेवायला कुठे जागाच नव्हती.

“ती बरोबर बोलली,” आ-मा अचानक म्हणाली.

“कोण?”

“तीच, खजूर. बाई जाणारी होती. मला तेव्हाच वाटलं होतं. तू मला ओढत नेलं होतंस ना त्या सिनेमाला? बूट किती चांगले घातले होते तिने. राहणारी बाई असले बूट घालून धक्क्यावर कशाला जाईल?”

सौ-वानने टीव्हीकडे बघत विचारलं, “मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला बुटांचं काय सांगायचं?” आ-माने पपनसाची बी तळहातावर काढली आणि बशीत टाकली. तिची बोटं वाकडी झाली होती, शिवणाच्या कारखान्यातल्या वर्षांनी. “आणि मग तू घरी येऊन म्हणालीस, आ-मा, मी जात नाही, मी तुझ्यापाशी राहणार. झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं. वोंगबाई आली, तिच्या सुनेला घेऊन आली दाखवायला, बघ म्हणाली, याला लेक म्हणतात. चार दिवस नुसती रीघ. मला हातात फळं काय देत होत्या, डोळे काय पुसत होत्या. मी काय बोलणार होते? की बायांनो, मला नकोय ही?”

ती हे रोजच्याच आवाजात म्हणाली. भाताला मीठ कमी आहे म्हणावं तसं.

“नको होते मी तुला?” सौ-वानने विचारलं. आपला आवाज तिला लांबून, दवाखान्याच्या खिडकीपलीकडून आल्यासारखा वाटला.

“नको होतीस असं कुठे म्हणाले? तुझं म्हणजे बाई एक टोक नाही तर दुसरं.” आ-माने बशी बाजूला सारली. “सेई-गू आठवते?”

सेई-गू म्हणजे आईच्या कारखान्यातली, शेजारच्या मशीनवरची. मोठ्याने हसणारी, सोन्याचा एक दात असलेली.

“तिने चुंग चाऊ बेटावर दोन खोल्या बघितल्या होत्या. समुद्राच्या बाजूला नव्हत्या, मागच्या बाजूला, कोळंबीच्या चटणीचा वास यायचा म्हणून स्वस्त. आमचं ठरलं होतं. तू कॅनडाला गेलीस की मी हे घर सोडायचं आणि तिच्याकडे जायचं. दोघींनी राहायचं, सकाळी बाजार, दुपारी माहजाँगचा डाव. ती म्हणायची, तुझी लेक विमानात बसली की मी धक्क्यावर तुला घ्यायला येते. मी भांडीसुद्धा निवडून ठेवली होती, कुठली न्यायची ती.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?” आ-मा म्हणाली. “तू येऊन सांगितलंस. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे मी माझ्या माहजाँगचं काय काढणार? सेई-गू एकटीच गेली. मग मेलीच पुढे. मी तिच्याकडे एकदाच जाऊन आले, तेव्हा तू बरोबर होतीस, छत्री धरायला.”

मलमाची जाहिरात कधीच संपली होती. पडद्यावर दोन कोवळ्या पोरी लिफाफा उघडत होत्या आणि उघडता येत नाही म्हणून खिदळत होत्या. सौ-वानला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे. इतकी वर्षं तिने आईची औषधं वेळेवर दिली होती, गुडघ्यांना शेक दिला होता, रात्री ती उठली की उठली होती, दवाखान्यातल्या पोरी सहलीला बोलवायच्या तेव्हा “आईला एकटं सोडता येत नाही” म्हणून सांगितलं होतं, आणि ते सांगताना दर वेळी छातीत एक लहानशी ऊब पेटली होती. त्या उबेवर ती जगली होती. समोर बसलेल्या या म्हातारीला तेवढाच काळ त्या उबेची धग लागत होती, आणि तिने हूं की चूं केलं नव्हतं. कारण थोर मुलीच्या आईला कंटाळा आला असं म्हणायची सोय नसते. खिडकी उघडी होती, पण हवा आत यायच्या ऐवजी समोरच्या इमारतीच्या शेकडो उजळ खिडक्याच आत येताहेत असं वाटत होतं, आणि प्रत्येकीत कुणीतरी कुणासाठी तरी थांबून राहिलेलं.

“हे बघ, पुन्हा माझ्याकडे बघायला लागलीस,” आ-मा म्हणाली.

“बघत नाहीये.”

“बघतेस. सारखी बघतेस. मी घास घेतला की बघतेस घशात अडकतोय का, उठले की बघतेस पडतेय का. मला आता तो कार्यक्रम बघायचाय. पुढे तो नकला करणारा जाड्या येणार आहे. तू जरा बाहेर जाऊन ये.”

“आता? कुठे जाऊ?”

“मला काय माहीत? हाँगकाँग केवढं मोठं आहे. चहा पी कुठेतरी. मला एक तास एकटीला बसू दे की या घरात, आ-वान.”

बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना. सौ-वानने आईचे पाय उतरवले, टेबल भिंतीला लावलं, हात धुतले, पाय पुन्हा स्टुलावर ठेवले. पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि तो ठेवताना आईने डोळे मिटून घेतले आहेत हे तिला दिसलं. लोखंडी जाळीचं दार ओढून घेऊन ती लिफ्टपाशी आली. लिफ्टमधल्या आरशात एक बाई उभी होती, केस अजून त्याच तऱ्हेने कापलेले. तिने आरशाकडे पाठ केली.

खाली रस्त्यावर तिला कळेना कुठल्या बाजूला वळायचं. उजवीकडे दवाखाना, डावीकडे बाजार, याखेरीज या भागात ती कुठे फारशी गेलीच नव्हती. चालत चालत ती बस थांब्यामागच्या एका चहाच्या हॉटेलात शिरली आणि दुधाचा चहा मागवला. “एकट्याच?” पोऱ्याने टेबल पुसत विचारलं, आणि तिला भिंतीकडच्या, दोन गिऱ्हाइकांच्या पाठींमध्ये कोंबलेल्या बाकावर बसवलं. कोपऱ्यात वर टांगलेल्या टीव्हीवर तोच सोहळा चालू होता. कुणी बघत नव्हतं. एक माणूस मॅकरोनी खात घोड्यांच्या शर्यतीचं पान वाचत होता. पडद्यावर मध्येच प्रेक्षक दाखवले, आणि त्यांत नेई-जे दिसली. आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीने ती वाकून बुटाचा पट्टा सैल करत होती. मग ती मागे टेकली आणि तिने सरळ जांभई दिली. मोठी, दाढा दिसणारी जांभई. सौ-वान हातातला कप विसरून बघत राहिली. बाईंना मोकळं वाटत होतं. जे इतकी वर्षं उचलून धरलं होतं ते त्यांनी आज खाली ठेवलं होतं. पण ठेवलं होतं ते सौ-वानच्या मांडीवर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन अनोळखी पाठी होत्या.

फोन वाजला. बिक-हाच होती.

“तू एक शब्द बोलली नाहीस ग्रुपवर. बरी आहेस ना?”

“आहे.”

“ऐक. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तिच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. आणि ते तू लिहायचंस.”

“मी का?”

“म्हणजे काय? आमचं काय, आम्ही रडलो आणि घरी जाऊन लग्नं केली, पोरं काढली. तू एकटी अशी आहेस जी खरंच तशी जगलीस. माझ्या सुनेला मी तुझंच सांगते नेहमी. लिही तुझ्या शब्दांत, की मी अमुक अमुक, मी माणसाला जाऊ दिलं, मी आईपाशी राहिले, आणि तुमच्या त्या दृश्याने मला बळ दिलं. वाचू दे तिला. लाज वाटू दे जरा. भूक लागली होती म्हणे!”

शर्यतीवाल्या माणसाने पान उलटलं.

“हा,” ती म्हणाली. जुन्या दिवसांत ती बिक-हाला असंच म्हणायची. “तिला जायचं होतं.”

“कुणाला?”

“त्या बाईला. बूट बघ तिचे.”

“कसले बूट?”

“आणि मला जायचं नव्हतं. मी घाबरले होते, हा. आईबिई काही नव्हतं त्यात. आईला तर मी गेले असते तर बरंच झालं असतं.”

पलीकडे बिक-हाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, तोच सोहळा, इथल्यापेक्षा क्षणभर उशिरा, त्यामुळे टाळ्या दोनदा वाजत होत्या.

“तू दमली आहेस,” शेवटी बिक-हा म्हणाली, समजूत घालणाऱ्या आवाजात. “तुला धक्का बसलाय, साहजिक आहे. झोप आज. उद्या लिही. तू लिहिलंस की कसं, सगळ्यांना पटेल.”

फोन बंद झाला. सौ-वानला वाटलं होतं, हे वाक्य तोंडातून निघालं की काहीतरी तुटेल, कुठेतरी भेग पडेल. काहीच झालं नाही. तिने सांगितलं आणि ते कुणी घेतलंच नाही. परत येऊन ते तिच्याच मांडीवर बसलं. तिने चहा संपवला, तो गार झाला होता, पैसे दिले आणि बाहेर पडली. तास झाला असेल की नाही तिला ठाऊक नव्हतं. ती वसाहतीला एक वळसा घालून आली, मग आणखी एक. दुसऱ्या वळशाला पहारेकऱ्याने मान वर करून पाहिलं, म्हणून ती वर गेली.

एकोणिसाव्या मजल्यावरची लांब गल्ली रिकामी होती. दोन्ही बाजूंना जाळ्यांची दारं, प्रत्येक दारामागे एकेक टीव्ही. आपल्या दारापाशी येऊन तिने किल्ली काढली, आणि तेवढ्यात आतून एक आवाज आला. आधी तिला वाटलं, आई खोकते आहे, आणि तिचा हात आपोआप कुलपाकडे गेला. पण खोकला नव्हता. आ-मा हसत होती. थांबत होती, जाड्याची पुढची नक्कल ऐकत होती, आणि पुन्हा हसत होती. पोटातून, घरंगळत, मध्येच नाकातून फुस्स करत, स्वतःशीच “मेल्या!” म्हणत. असं हसताना सौ-वानने तिला कधी ऐकलं होतं, हे तिला आठवेना. सेई-गूबरोबर कधी हसली असेल. तेव्हा सौ-वान घरात नसेल.

किल्ली कुलपाच्या तोंडाशी आली होती. ती फिरवली की हसू थांबणार, हे तिला अगदी नक्की माहीत होतं. आई पदर सावरल्यासारखी चेहरा सावरेल, “आलीस?” म्हणेल, आणि पाय स्टुलावरून उतरवून घ्यायला पुढे करेल. आत गेलं की ते पाय होते. मागे वळलं की लिफ्ट होती, लिफ्टमध्ये आरसा होता, खाली तोच रस्ता. सौ-वानने हात हळूच मागे घेतला. किल्लीचा आवाज होऊ नये म्हणून ती मुठीत आवळून धरली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पाण्याकडे नाही, डावीकडे नाही, नुसती समोरच्या दारावरच्या रंग उडालेल्या आकड्याकडे बघत.

शेजारचे मोक कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले. पाठीत वाकलेला, पायजमा घातलेला म्हातारा. तिला तशी उभी पाहून ते थबकले.

“किल्ली विसरलीस काय, आ-वान?”

“नाही, मोककाका.”

“मग बाहेर काय करतेस?”

“आ-मा टीव्ही बघतेय.”

मोक यांनी दाराकडे पाहिलं, आतलं हसू जरासं ऐकलं, आणि यात विचारण्यासारखं काही उरलं नाही अशी मान हलवून ते सपाता फरफटवत कचऱ्याच्या खोलीकडे निघून गेले. परत येताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांचं दार लागलं, कडी सरकली.

आत आ-माने टीव्हीचा आवाज वाढवला.